‘मी’ची कविता आणि ‘आपण’चा क्लब

कवितेच्या नशिबी काय काय येऊ शकते, ते आपल्याला साधारण ठाऊक असते. ती पाठ्यपुस्तकात जाते, तिला चाल लागते, तिच्या दोन ओळी लग्नपत्रिकेवर किंवा श्रद्धांजलीच्या चौकटीत छापल्या जातात, नाहीतर ती संग्रहात पडून राहते. जेनी जोसेफ या इंग्रज कवयित्रीच्या ‘वॉर्निंग’ या कवितेतून मात्र एक संघटना उभी राहिली. ही कविता १९६१ सालची. तेव्हा जोसेफ यांनी तिशीही गाठली नव्हती. पुढे ती त्यांच्या ‘रोज इन द आफ्टरनून’ (१९७४) या संग्रहात आली आणि १९९६ मध्ये बीबीसीने घेतलेल्या कौलात युद्धोत्तर काळातील सर्वांत आवडती कविता ठरली. त्यानंतर दोनच वर्षांनी, अटलांटिकच्या पलीकडे, कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी स्यू एलन कूपर यांनी ‘रेड हॅट सोसायटी’ सुरू केली. कूपर यांनी एका मैत्रिणीच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला एक लाल हॅट आणि ही कविता भेट दिली होती. मग दुसऱ्या मैत्रिणीला, तिसरीला. एके दिवशी सगळ्याजणी जांभळे कपडे आणि लाल हॅट घालून चहाला बाहेर पडल्या आणि क्लब झाला.

या क्लबचे नियम थोडके आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने जांभळे कपडे आणि लाल हॅट घालायची; पन्नाशीच्या आतलीने फिकट जांभळे कपडे आणि गुलाबी हॅट. प्रत्येक शाखेची एक ‘राणी’ असते. संस्थापिका या सगळ्या राण्यांची राजमाता. समाजकार्य, निधिसंकलन, व्याख्यानमाला यांपैकी काहीही मुख्य उद्दिष्ट म्हणून सांगितले जात नाही. एकत्र जमायचे, खायचे, हसायचे, सहलीला जायचे. स्वतःला त्या ‘ऑर्गनायझेशन’ म्हणवतच नसत, ‘डिसऑर्गनायझेशन’ म्हणत. मराठीत म्हणायचे तर ‘अ-संघटना’.

बडोद्यात मी राहते त्या भागात साठी-सत्तरीच्या मराठी बायकांचे एक मंडळ आहे. निवृत्त शिक्षिका, बँकेत नोकरी केलेल्या, जन्मभर घर सांभाळलेल्या अशा साऱ्याजणी. वार्षिक स्नेहसंमेलनात वाचण्यासाठी ‘वॉर्निंग’चा मराठी अनुवाद करून द्याल का, अशी विचारणा त्यांच्याकडून झाली. एकीच्या मुलीने ती कविता परदेशातून पाठवली होती. त्या कामाच्या निमित्ताने मला दोन प्रश्नांशी झगडावे लागले, आणि हा लेख त्या दोन प्रश्नांचा आहे. पहिला: एका कवितेचा क्लब होतो तेव्हा त्या कवितेचे वाचन नेमके कसे झालेले असते? आणि दुसरा: ती कविता आणि तो क्लब, दोन्ही मराठीत आणायचे ठरवले तर कशाला कशाचा आधार सापडतो?

कवितेपासून सुरुवात करते. ढोबळ आशय असा: एक बाई सांगते आहे की मी म्हातारी झाले की जांभळे कपडे घालीन, वर न शोभणारी लाल हॅट घालीन, निवृत्तिवेतन चैनीवर उडवीन, दमले की फुटपाथवर बसकण मारीन, दुसऱ्यांच्या बागेतली फुले तोडीन, थुंकायला शिकीन. मधल्या भागात सूर बदलतो. आत्ता मात्र नीट कपडे हवेत, घरभाडे भरायला हवे, मुलांपुढे चांगले उदाहरण ठेवायला हवे, लोकांना जेवायला बोलवायला हवे. आणि शेवटी एक शंका: आत्तापासूनच थोडी सुरुवात करावी का? म्हणजे पुढे लोकांना एकदम धक्का बसणार नाही.

ही कविता विनोदी म्हणून लोकप्रिय झाली आणि त्यामुळे तिच्या रचनेकडे फारसे लक्ष जात नाही. तिच्यात सर्वनामांचा एक हिशेब आहे. भविष्याविषयीचे बंड बोलणारी ती ‘मी’ आहे. वर्तमानातली जबाबदारी बोलताना ती ‘वी’ होते. भाडे ‘आम्ही’ भरतो, पाहुणे ‘आम्ही’ बोलावतो. संसार अनेकवचनी आहे आणि स्वातंत्र्य एकवचनी. कवितेत नवऱ्याचा उल्लेख नाही. पण तो या ‘वी’मध्ये बसलेला आहे, मुलेही बसलेली आहेत. म्हातारपणी जी बाई फुटपाथवर बसणार आहे तिच्या शेजारी कोणीही नाही. मैत्रीण नाही, बहीण नाही. तिची सगळी मौज एकटीची आहे.

क्लबने नेमके हेच बदलले. ज्या बाईला एकटीने विक्षिप्त व्हायचे होते तिला पंधरा-वीस जणींचा गट मिळाला आणि गणवेशही. या वाचनावर घेतला जाणारा आक्षेप सोपा आहे आणि त्यात तथ्यही आहे. कपड्यांच्या शिस्तीविरुद्धच्या कवितेतून कपड्यांची शिस्त निघाली. हॅट शोभत नाही हाच जिचा मुद्दा होता ती आता ठरलेल्या रंगात, ठरलेल्या दिवशी, सगळ्यांसारखी घालायची. त्याभोवती विक्रीच्या वस्तू आल्या, अधिवेशने आली. खुद्द जोसेफ यांना जांभळा रंग आवडत नसे, हे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. कवितेतला रंग निवडण्यामागचे कारणही कदाचित तेच असेल. वाङ्मयीन शुद्धतेच्या बाजूने निकाल द्यायचा तर तो इथेच देता येईल. पण अनुवादाला बसल्यावर मला हा निकाल घाईचा वाटू लागला, कारण मराठीत आणताना या कवितेतले बंड एकेक करून गळून पडू लागले.

पहिली अडचण क्रियापदाची. इंग्रजीत कपडे, हॅट, दागिने, फुले, रंग या सगळ्यांना एकच ‘वेअर’ पुरते. मराठीत साडी नेसायची, टोपी घालायची, बांगड्या भरायच्या, कुंकू लावायचे, गजरा माळायचा, दागिने ल्यायचे. अंगावर काय चढते त्यावर क्रियापद ठरते. पण या यादीकडे जरा थांबून पाहिले की दिसते, परंपरेने बाई विधवा झाल्यावर तिच्या वस्तू काढून घेतल्या जातात तशी तिची क्रियापदेही काढून घेतली जातात. भरणे गेले, लावणे गेले, माळणे गेले. नेसणे उरले, पण काय नेसायचे ते इतरांनी ठरवायचे. म्हणजे माझ्या अनुवादातली म्हातारी जांभळे ‘नेसते’ की काही ‘माळते’, हे ठरवताना तिचा नवरा जिवंत आहे की नाही हेही मी ठरवत असते. मूळ कवितेत हा प्रश्न उद्भवतच नाही.

दुसरी अडचण रंगाची. जांभळ्याला लाल शोभत नाही हा इंग्रजी डोळ्याचा संकेत. आपल्याकडे जांभळ्या पैठणीला लाल काठ असला तर कोणी विक्षिप्त म्हणत नाही. उलट, कुठून घेतली म्हणून विचारतील. विसंगती दोन रंगांत नसते, रंग आणि बाई यांच्यात असते. त्यातही लाल रंगाची मराठीतली स्मृती फार वेगळी आहे. ब्राह्मण घरांतल्या केशवपन केलेल्या विधवा तांबडे आलवण नेसत आणि त्याच आलवणाचा पदर बोडक्या डोक्यावरून घेत. म्हातारी बाई आणि तिच्या डोक्यावरचा लाल रंग ही प्रतिमा मराठीत आधीपासून आहे आणि ती कवितेच्या नेमकी उलट्या अर्थाची आहे. तिकडे लाल हॅट म्हणजे ‘आता मला कोणी काही सांगू शकत नाही’. इकडे लाल पदर म्हणजे जे काही सांगायचे ते सगळे सांगून झालेले आहे. हा इतिहास संपला असे समजायचेही कारण नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला, आणि तो राज्यभर बातमीचा विषय झाला.

तिसरी अडचण टोपीची. मराठीत ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणे, ‘टोपी फिरवणे’ म्हणजे पक्ष बदलणे. टोपी हा आपल्याकडे पुरुषाचा आणि राजकारणाचा विषय. गांधी टोपी, काळी टोपी, समाजवाद्यांची लाल टोपी. बाईच्या डोक्यावर पदर, अंबाडा, गजरा. जोसेफ यांचा संग्रह आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, कमल देसाई यांचे ‘काळा सूर्य आणि हॅट घालणारी बाई’ प्रसिद्ध झाले. ते शीर्षक आजही वाचकाला अडवते, कारण ‘हॅट’ आणि ‘बाई’ हे दोन शब्द मराठीत शेजारी बसत नाहीत. अलीकडे गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी नेसून फेटा बांधणाऱ्या बायका दिसतात, त्यांत साठीच्याही असतात. ‘हॅट’साठी ‘फेटा’ घ्यावा असे एका टप्प्यावर मनात आले होते. पण फेट्याला मिरवणूक चिकटलेली आहे, अस्मिता चिकटलेली आहे. जोसेफ यांची बाई कुठल्याही अस्मितेसाठी हॅट घालत नाही. मी ‘हॅट’ तशीच ठेवली. परकी वस्तू परकी राहिली की निदान ती खटकते, आणि खटकणे हेच तर तिथे हवे आहे.

चौथी अडचण सगळ्यांत गमतीची. ती बाई म्हातारपणी दुसऱ्यांच्या बागेतली फुले तोडणार आहे. आमच्या कॉलनीत हे बंड रोज पहाटे साडेपाचला घडते. हातात प्लास्टिकची पिशवी घेतलेले आजी-आजोबा कुंपणाबाहेर आलेली जास्वंद, तगर, कण्हेर बिनदिक्कत तोडतात आणि देवाला वाहतात. देवासाठी तोडलेली फुले चोरीची नसतात, असा आपला समज आहे. थुंकण्याबाबतही तेच. दातांना मशेरी लावणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना म्हातारीने थुंकण्यात नवल वाटणार नाही. आणि फुटपाथवर बसणे? आपल्या शहरात फुटपाथवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईकडे पाहून ‘काय ही धिटाई’ असे कोणी म्हणत नाही. ती भाजीची जुडी घेऊन बसलेली असते, किंवा हात पसरून. जोसेफ यांची कविता गरिबीची नक्कल करण्याची चैन मागते. ज्या गावात खरी गरिबी फुटपाथवर बसलेली आहे तिथे ही चैन दिसेनाशी होते.

निवृत्तिवेतनाचेही तसेच. ते चैनीवर उडवायचे तर आधी ते हवे, आणि स्वतःच्या नावावर हवे. आमच्या मंडळातल्या शिक्षिकांना ते आहे, काहींना नवऱ्यामागे मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन आहे. पण इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ८० वर्षांखालच्या व्यक्तीसाठी केंद्र सरकारचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे. राज्ये त्यात आपापली भर घालतात. तरीही ब्रँडी आणि सॅटिनच्या सपाता यांचे स्वप्न या आकड्यावर उभे राहत नाही. कल्याणकारी राज्य असलेल्या ब्रिटनमध्ये १९६१ साली एका तरुण बाईला ‘म्हातारपणी माझ्या हाती माझे पैसे असतील’ हे गृहीत धरता आले, आणि ती कविता त्या गृहीतावर उभी आहे, हे अनुवाद करताना ठळकपणे कळते.

शेवटी ‘ओल्ड वुमन’ हा साधा शब्द. मराठीत ‘म्हातारी’ म्हटले तर हिणवल्यासारखे होते, ‘वृद्धा’ म्हटले तर शासकीय निवेदन होते, ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हटले की बाई नाहीशी होते आणि एसटीचे सवलतीचे तिकीट दिसू लागते. ‘आजी’ म्हटले तर ती कोणाची तरी आजी होते. नात्याबाहेरच्या, मानाने उल्लेखलेल्या वयस्क बाईला मराठीत सहज नाव नाही. मी ‘म्हातारी’च वापरले. एक तर वाऱ्यावर उडणाऱ्या बीजाच्या पिसालाही आपण म्हातारीच म्हणतो, लहानपणी तिच्यामागे धावतो. आणि दुसरे, भोपळ्यात बसून वाघाला चकवणाऱ्या गोष्टीतल्या म्हातारीमुळे. ती जंगलातून लेकीकडे जाताना वाघाला जे सांगते ते सगळे भविष्यकाळात असते: आत्ता नको, नंतर, आधी मला खाऊनपिऊन धष्टपुष्ट होऊ दे. ‘वॉर्निंग’चा भविष्यकाळ आणि हा भविष्यकाळ यांची तुलना केली तर आपल्या म्हातारीची हुशारी अधिक अवघड जातीची आहे. जोसेफ यांच्या नायिकेला फक्त लोकलाज अडवते आहे. आपल्या म्हातारीला वाघ.

आता क्लबकडे वळते. कॅरीन यार्नल यांनी २००६ मध्ये ‘रेड हॅट सोसायटी’वर जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात खेळ, उंबरठ्यावरची अवस्था आणि ‘कम्युनिटास’ या संकल्पना वापरल्या आहेत. रोजच्या भूमिका काही काळ बाजूला पडतात आणि माणसे बरोबरीच्या नात्याने एकत्र येतात, त्या अनुभवाला मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी हे नाव दिले. मराठी वाचकासाठी यात एक वळण आहे. तीर्थयात्रांविषयी लिहिताना टर्नर यांनी पंढरीच्या वारीचा आधार घेतला, आणि त्यासाठी इरावती कर्वे यांचा, १९६२ साली ‘ऑन द रोड’ या नावाने इंग्रजीत आलेला लेख वाचला. मराठीत तो आपण ‘वाटचाल’ म्हणून ओळखतो. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या लाल हॅटवाल्या बायकांना समजून घेण्यासाठी वापरलेल्या संकल्पनेच्या वाटेवर कुठेतरी पंढरपूर आहे.

पण कर्वे यांचा लेख वाचलेल्यांना हेही आठवेल की त्यांना वारीत फक्त बरोबरी दिसली नव्हती. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळी चालताना, गाताना एकत्र होती आणि जेवायला वेगवेगळी बसत होती. ते वेगळेपण त्यांना बोचले आणि त्यांनी ते लिहिले. बायकांच्या कोणत्याही मंडळाविषयी बोलताना मला हा लेख हाताशी हवा असतो. एकत्र आल्याचा आनंद खरा असतो, आणि पंगत कुठे तुटते हा प्रश्नही खरा असतो.

आपल्याकडे बायका एकत्र येत नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही. भोंडला, मंगळागौर, हळदीकुंकू, काकडआरती, भजनी मंडळ, भिशी, महिला मंडळ, वारी. पण या प्रत्येकाला निमित्त लागते. देव, सौभाग्य, बचत, समाजसेवा. मुंबईत १८९०च्या दशकात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने जो क्लब निघाला त्याचे नाव ‘हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब’. ‘क्लब’ हा शब्द बायकांच्या संस्थेला लावण्याचे धाडस त्यात होते. तरी शिवण, भाषा, सामान्यज्ञान अशा शिक्षणाचे प्रयोजन त्याला जोडलेले होतेच. ते काळाला धरून होते. मुद्दा एवढाच की बाईने घराबाहेर घालवलेल्या तासाचा हिशेब तेव्हापासून मागितला जातो आणि बायका तो देत आल्या आहेत. बिननिमित्ताने, नुसत्या मजेसाठी जमायचे म्हटले की मराठीत शब्दच कमी पडतात. ‘रिकामपण’ म्हटले की ‘रिकामटेकडी’ मागोमाग येते. ‘फावला वेळ’ म्हणजे कामातून उरलेला. ‘सवड’ काढावी लागते. महापालिका ज्येष्ठांसाठी केंद्रे बांधते त्यांना ‘विरंगुळा केंद्र’ म्हणतात. पण विरंगुळा शोधायचा तो दुःखातून किंवा एकटेपणातून. आधी काहीतरी खुपत असल्याशिवाय विरंगुळा लागत नाही. ‘रेड हॅट’चे वेगळेपण इथे दिसते. तिने निमित्त नाकारले आणि रंगालाच निमित्त केले.

रंग हे निमित्त होऊ शकते हे आपल्याला कळत नाही असे नाही. नवरात्रातले नऊ दिवसांचे नऊ रंग वर्तमानपत्रांनी रुजवले आणि लोकलच्या महिलांच्या डब्यापासून बँकेच्या काउंटरपर्यंत बायका एका रंगात दिसू लागल्या. धर्मशास्त्रात याला आधार शोधणाऱ्यांची निराशा होते, पण त्या बायकांना आधार नकोच असतो. त्यांना आज आपण सगळ्या एका रंगात आहोत हे हवे असते. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ हा केदार शिंदे यांचा चित्रपट आला, तेव्हा त्याच्या प्रेक्षकांनी केलेली गोष्ट मला ‘वॉर्निंग’च्या क्लबइतकीच महत्त्वाची वाटते. दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात ही त्याची कथा. मंगळागौर हे खरे तर नवविवाहितेचे, लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांचे व्रत. चित्रपटाने ते पोक्त बायकांच्या हाती दिले. आणि गावोगावच्या बायका नऊवारी, नथ आणि डोळ्यांवर गॉगल अशा थाटात, गटागटाने तो पाहायला गेल्या, थिएटरात नाचल्या. ही चित्रपटाची समीक्षाच होती, अंगाने केलेली. चित्रपट म्हणून त्यात सोयीस्कर समेट आहेत, आणि एकत्र येणाऱ्या बायका शेवटी बहिणीच आहेत, म्हणजे नात्याचे निमित्त आहेच. प्रेक्षक मात्र त्याच्या पुढे गेले. थिएटरात एकमेकींशेजारी नाचणाऱ्या बायका बहिणी नव्हत्या.

या दोन उदाहरणांवरून मला असे दिसते की वयस्क बायकांचा गट एखाद्या कलाकृतीचा अर्थ लावतो तेव्हा तो तिचा आशय बाजूला ठेवून तिच्यातली परवानगी उचलतो. कवितेतले एकटेपण त्यांनी सोडून दिले, हे खरे. पण साठीची बाई एकटीने विचित्र वागली तर घरचे डॉक्टरांची वेळ घेतात. पंधराजणी मिळून तशाच वागल्या तर तो कार्यक्रम होतो. जोसेफ यांनी एकोणतिसाव्या वर्षाच्या नजरेने म्हातारपण पाहिले आणि त्यात एकांत कल्पिला, कारण तरुण संसारी बाईला एकांतच हवा असतो. प्रत्यक्ष त्या वयाला पोचलेल्या वाचक बायकांना एकांत आधीच भरपूर मिळालेला होता. त्यांनी कवितेत नव्हती ती गोष्ट, सोबत, स्वतः आणून घातली. याला मी चुकीचे वाचन म्हणणार नाही. वय बदललेल्या वाचकाने केलेली ती दुरुस्ती आहे.

मंडळात मी पहिला खर्डा वाचून दाखवला तेव्हा सर्वांत वयस्कर सभासद बाईंनी विचारले की ही बाई एवढी मजा करणार, तर तिला एकही मैत्रीण कशी नाही? दुसरी शंका काळाची होती. ‘म्हातारी होईन तेव्हा’ असे आम्ही कसे म्हणायचे, आम्ही तर झालोच की, असे एकीने म्हटले आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यात कवितेचा नवा अर्थ होता. पंचाहत्तरीच्या बाईने ‘म्हातारी होईन तेव्हा’ म्हटले की ते वाक्य थट्टा होते, आणि दावाही: मी अजून झालेली नाही. मी भविष्यकाळ बदलला नाही. मराठीत प्रथमपुरुषी भविष्यकाळाला लिंगही नसते. ‘घालीन’, ‘बसेन’, ‘तोडीन’ कोणीही म्हणू शकते. वर्तमानकाळात ‘घालते’, ‘बसते’ म्हटले की बाई ठरून जाते. ही मोकळीक मला टिकवायची होती.

मधल्या भागातल्या ‘वी’ने मात्र बरेच दिवस घेतले. मराठीत त्याला दोन वाटा आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, ‘आपण’ त्याला आत घेते. इंग्रजीला हा भेद करता येत नाही. घरभाडे ‘आपल्याला’ भरायला हवे, मुलांपुढे ‘आपण’ नीट वागायला हवे. संसारात बाईला बांधणारे सर्वनाम ‘आपण’च असते. ‘आपल्यात असे करत नाहीत’ हे वाक्य ऐकत मराठी मुलगी मोठी होते. म्हणून मी तिथे ‘आपण’ ठेवले. मंडळातल्या बायकांनी वाचनाची पद्धत स्वतः ठरवली: प्रत्येक ओळ वेगळ्या बाईने म्हणायची, मधला भाग सगळ्यांनी मिळून. त्यामुळे शब्द न बदलता ‘मी’चे अनेकवचन झाले, आणि कर्तव्याचा ‘आपण’ सगळ्यांच्या तोंडून एकदम आल्यावर जुन्या काळच्या कवायतीसारखा ऐकू आला. छापील पानावर हे साधता आले नसते.

तरीही इरावतीबाईंचा प्रश्न माझ्यापुरता सुटत नाही. मंडळाची मासिक वर्गणी आहे, सभागृहाचे भाडे आहे, त्यामुळे त्या परवडणाऱ्या बायकाच सभासद आहेत. आडनावे पाहिली तर वर्तुळ आणखी लहान होते. संक्रांतीच्या कार्यक्रमाला त्यांनी हळदीकुंकवाऐवजी ‘तिळगूळ समारंभ’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे नवरा गेलेल्या सभासदांना दारात घुटमळावे लागत नाही. ही लहान गोष्ट नाही; त्यासाठी त्यांच्यात वादही झाले. पण सभागृहात चहा करणाऱ्या बाई त्यांच्याच वयाच्या आहेत आणि अजून तरी त्या कप विसळायला आतच असतात. त्यांच्यासाठी ‘म्हातारी होईन तेव्हा’ या शब्दांचा अर्थ काय होईल, हे कवितेला ठाऊक नाही आणि अनुवादाने ते तिच्या तोंडी घालायचे नसते.

पण क्लबकडून ते मागता येते. वयस्क बायकांच्या अशा मंडळांवर दोन ठरीव प्रतिक्रिया असतात. एक कौतुकाची, ‘या वयातही काय उत्साह’. आणि दुसरी तुच्छतेची, ‘भिशी पार्ट्या’. दोन्हींत समीक्षा नाही. कवितेविषयी बोलताना आपण बोलणारा कोण, ऐकणारा कोण असे विचारतो. क्लबलाही तेच विचारावे. तिथे जमलेल्या बायका स्वतःविषयी बोलताना कोणते सर्वनाम वापरतात ते ऐकावे. ‘आम्ही’ म्हणत असतील तर तो एक सुखी गट आहे, आणि तेवढेही पुष्कळांना मिळत नाही. पण दारात उभ्या असलेल्या बाईकडे पाहून त्यांच्या तोंडून ‘आपण’ निघत असेल, तर जेनी जोसेफ यांनी एकटीसाठी पाहिलेले स्वप्न त्यांच्याही पुढे गेले, असे म्हणता येईल.